कॅप्टनच्या पदरात मूल का नाही?

धागाकर्ती: नव्वदच्या दशकात 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासावरच्या अमेरिकी विज्ञानकथेच्या दोन दूरचित्रवाणी मालिका काही वर्षे एकाच वेळी चालू होत्या. 'डीप स्पेस नाइन'मध्ये (१९९३) बेंजामिन सिस्को हा विधुर अधिकारी आपल्या मुलाला, जेकला, घेऊन अंतराळस्थानकावर राहतो, त्याला स्वतः रांधून जेवू घालतो आणि त्यामुळे त्याच्या अधिकाराला कोठेही बाधा येत नाही. 'व्हॉयेजर'ची (१९९५) कॅप्टन कॅथरीन जेनवे मात्र मोहिमेवर निघताना वाग्दत्त वराशी, मार्कशी, बोलते ते आपल्या गाभण कुत्रीविषयी. पुढे तिचे अंतराळजहाज, 'व्हॉयेजर', ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते आणि १९९८ च्या एका भागात मार्कचे पत्र येते: पिल्लांना घरे मिळाली आहेत आणि त्याने दुसरीशी लग्न केले आहे. ते पत्र वाचतानाचा तिचा चेहरा माझ्या मनातून जात नाही. बाप असलेला कॅप्टन चालतो, पण आई असलेली चालत नाही, हा हिशेब कथेतल्या चोविसाव्या शतकाचा नसून आपल्या काळाचा आहे.

प्रतिसाद १: मी सहमत नाही. लग्नानंतर प्रत्येक हळदीकुंकवाला 'गोड बातमी कधी?' हे ऐकलेल्या माझ्यासारखीला, दीडशेच्या आसपास माणसांचा जीव सांभाळणारी आणि मूल नसल्याचे स्पष्टीकरण कोणालाही न देणारी जेनवे हा मोठा आधार होता. शिवाय त्या जहाजावर आई नाही असेही नाही. सामंथा वाइल्डमनची नेओमी तिथेच जन्मते आणि तिथेच वाढते.

धागाकर्ती: तुमचा आधार मी नाकारत नाही, परंतु वाइल्डमन ही हाताखालची कनिष्ठ अधिकारी आहे, आणि माझे म्हणणे नेमके हेच आहे की मूल खालच्या पदांना मिळते, खुर्चीला मिळत नाही. 'डिस्कव्हरी' या नंतरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या २०२४ मधील अखेरच्या भागात मायकेल बर्नम या स्त्री-कॅप्टनला मुलगा आहे, पण तो आपल्याला भेटतो थेट उपसंहारात, स्वतः कॅप्टन होण्याच्या वयाचा. जागरणे, तान्हे बाळ आणि सेवेची वेळ यांची ओढाताण संपूर्ण पडद्याआड राहिली.

प्रतिसाद २: पडद्याआड आणखीही बरेच होते. जेनवेची भूमिका करणाऱ्या केट मलग्रू त्या वर्षांत दोन मुलांना एकटीने वाढवत होत्या. मुख्य अभियंता बेलाना टोरेस साकारणाऱ्या रॉक्सान डॉसन चौथ्या हंगामात गरोदर राहिल्या, तेव्हा त्यांचे पोट झाकण्यासाठी त्यांना अवजारांच्या खिशांचा लांब डगला चढवण्यात आला. खऱ्या आया सेटवर होत्याच. कथेने त्यांना कामापुरते ठेवले.

प्रतिसाद १: डगल्याचे मला पटले. तरीही 'व्हॉयेजर'चा २००१ चा शेवटचा भाग पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे. जहाज घरी पोहोचत असताना टोरेस बाळंत होते, बाळाचे रडणे थेट सुकाणूपर्यंत ऐकू येते, आणि सुकाणूवर बसलेल्या बापाला, टॉम पॅरिसला, खाली बाळाकडे जायला स्वतः जेनवेच सांगते. घर जवळ आले असताना ती त्याच्या जागी आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, चाकोटेला, बसवते.