भोंगऱ्या बाजार: पावरा मुलींशी बोलायचं तर कसं?

धुळेकरीण: आम्ही तिघी मैत्रिणी होळीआधी नंदुरबार जिल्ह्यात धडगावला भोंगऱ्या बाजाराला जाणार आहोत. तिथल्या पावरा आदिवासी मुलींशी बोलायचंय, दागिन्यांचे फोटो हवेत. काय सांभाळावं?

शहादा_अक्राणी: ताई, आधी एक डोक्यातून काढा. भोंगऱ्यात मुलं-मुली पळून जातात, हे बाहेरच्यांनी पसरवलंय आणि समाजाला ते फार लागतं. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे: गूळ, डाळ्या, फुटाणे, साखरेचे हार-कडी. लग्न घरच्यांच्या बोलणीने, देज (मुलीकडच्यांना द्यायची रक्कम) ठरवून होतं. तेव्हा ‘तुमच्यात पळून जातात ना?’ हे चुकूनही विचारू नका.

बाजार आठवडे बाजाराच्या वारीच भरतो, म्हणून गावागणिक दिवस वेगळा. तारीख एसटी स्टँडवर विचारून घ्या. दुपारनंतर ढोल आणि गर्दी इतकी वाढते की बोलणं ऐकूच येत नाही, सकाळीच पोचा.

सातपुडा_वाट: फोटोचं सांगतो. लांबून झूम करून काढू नका. मुली तोंड फिरवतात आणि मग सोबतचे भाऊ-काका येऊन उभे राहतात. आधी तिच्या सोबतच्या मोठ्या बाईला विचारा. गळ्यातली चांदी हातात घेऊन बघायची नाही, वजन-किंमतही विचारायची नाही. पैसे देऊन फोटो तर नकोच, पुढच्या बाजारी पोरं हात पसरून मागे लागतात. त्यापेक्षा 4 × 6 ची प्रिंट काढून ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवा, ती घरी पोचते. चेहरे दिसणारे फोटो विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका.

होळीला थांबलात तर कमरेला दुधी भोपळे-घुंगरू बांधून नाचणारे पुरुष, म्हणजे बुध्ये, दिसतील. त्यांनी पालनी (व्रताचे नियम) धरलेली असते, त्यांना बाईचा हात लागू द्यायचा नाही. सेल्फीसाठी खेटू नका.

धुळेकरीण: आणि भाषा? अहिराणी चालेल?

मोलगीवाली: बाजारात थोडी चालेल. घरची बोली पावरी, ती वेगळी. शाळेत गेलेल्या मुली मराठी बोलतात, पण घोळक्यात लाजतात. खरं बोलायचं असेल तर भोंगऱ्या हा दिवसच चुकीचा. एप्रिल-मेमध्ये या, आमचूराच्या दिवसांत. घरोघरी बायका-मुली कैऱ्या सोलून फोडी करत बसलेल्या असतात. सुरी घेऊन शेजारी बसा, गप्पा आपोआप निघतात. फोडी पातळ हव्यात आणि वाळत घातल्यावर संध्याकाळी झाकायच्या. दव किंवा वळवाचा पाऊस लागला की काळ्या पडतात, आणि काळ्या मालाला व्यापारी भाव पाडतो. म्हणून आभाळ भरून आलं तर गप्पा थांबवून आधी फोडी उचलू लागा.