थॉम्पसन यांनी माया लिपीची वाट अडवली, की आखून दिली?

कोरीवदगड

परवा मित्रमंडळीत मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांची लिपी कशी वाचली गेली यावर बोलणं चाललं होतं. त्यात मायांचे अभ्यासक एरिक थॉम्पसन यांचं नाव निघालं ते फक्त 'आडमुठा इंग्रज' म्हणून. मला ते फार लागलं, म्हणून हा धागा.

हा माणूस १८९८ चा, लंडनचा. वय कमी असताना नाव बदलून पहिल्या महायुद्धात गेला, जखमी झाला, मग अर्जेंटिनात गुरांमागे राहिला. केंब्रिजला मानववंशशास्त्र शिकताना मायांच्या तारखा कशा वाचायच्या हे स्वतःच शिकला आणि तेवढ्या भांडवलावर पत्र लिहून मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहराच्या उत्खननात काम मिळवलं. तिथे योद्ध्यांच्या मंदिराचे विखुरलेले कोरीव दगड भर उन्हात जुळवत बसणं हे त्याचं काम. पुढे ब्रिटिश होंडुरासच्या, म्हणजे आजच्या बेलीझच्या, जंगलात त्याने सान होसे हे लहानसं ठिकाण खणलं. सगळ्यांचं लक्ष मोठमोठ्या मंदिरांकडे असताना साधी माणसं कशी राहत असतील हे त्याला बघायचं होतं.

आणि कालगणना! मायांनी दगडांवर एकेक दिवस मोजून ठेवला होता, पण त्यांचा अमुक दिवस म्हणजे आपली कोणती तारीख, तो दुवा तुटलेला होता. जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन इसवीत बसवायला जशी जंत्री लागते, तशी जंत्री मायांसाठी गुडमन यांनी १९०५ मध्ये सुचवली, मार्तिनेस यांनी १९२६ मध्ये ती उचलून धरली आणि १९२७ पासून थॉम्पसन यांनी पक्की करत नेली. ग्वातेमालातल्या तिकालच्या मंदिरातल्या एका कोरीव तुळईच्या कार्बन चाचणीने २०१३ मध्ये हीच जंत्री उचलून धरली. ती तुळई चिकूच्या लाकडाची आहे. आपल्या परसातला चिकू मूळचा तिकडचाच.

माया चिन्हं उच्चाराची आहेत हे मानलं नाही, या एका चुकीसाठी हे सगळं पुसून टाकायचं का?

मोडीवाली

कोरीवदगड, जंत्रीचं श्रेय त्यांचंच, वादच नाही. पण तुम्ही जिला 'एक चूक' म्हणताय ती किती मोठी होती ते बघा.

पुढे बिशप झालेले स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा यांनी १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. याच लांदांनी पुढे एका माया लेखकाला समोर बसवून स्पॅनिश मुळाक्षरं म्हणून दाखवली आणि प्रत्येकासाठी चिन्ह काढून घेतलं. 'बी' अक्षराला स्पॅनिशमध्ये 'बे' म्हणतात. लेखकाने 'बे' ऐकलं आणि पाऊलवाटेचं चित्र काढलं, कारण त्याच्या भाषेत 'बे' म्हणजे वाट. म्हणजे चिन्ह अक्षराचं नव्हतं, उच्चाराचं होतं. बाराखडी शिकलेल्या आपल्याला हे लगेच कळतं. लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव यांनी १९५२ मध्ये नेमकं हेच मांडलं. पोथीत टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हं आहेत, 'कु' आणि 'त्झु'. टर्कीला युकातेक या माया भाषेत 'कुत्झ' म्हणतात. शेवटचा स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही. आपण 'राम' लिहितो तेव्हा 'म' मधला 'अ' कुठे उच्चारतो? तसंच.

थॉम्पसन यांनी १९५३ मध्येच यावर झोड उठवली आणि मरेपर्यंत मानलं नाही. ते अशा जागी होते की त्यांच्याविरुद्ध बोलायला तरुण अभ्यासक कचरत.

हे मला का बोचतं ते सांगते. मी मोडीचे जुने कागद वाचते. शिकत असताना एका जाणत्या वाचकांनी एका गावाचं नाव चुकीचं लावलं होतं. मला ते अक्षर दिसत होतं, समोर होतं, तरी मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही. त्या दोन वर्षांत ते चुकीचं नाव आणखी तीन याद्यांत उतरलं. मोठ्या माणसाची चूक त्याच्यापुरती राहत नाही हो.

नर्मदाकाठ

मोडीवालींशी सहमत. आणि चूक फक्त लिपीची नाही. थॉम्पसन यांच्या पुस्तकांतले माया म्हणजे आकाशाकडे बघणारे शांत पुरोहित, आणि शहरं म्हणजे सणापुरती भरणारी रिकामी देवस्थानं. १९४६ मध्ये मेक्सिकोतल्या बोनांपाकची माया भित्तिचित्रं उजेडात आली. त्यात तुंबळ लढाई आहे, पायऱ्यांवर बोटांतून रक्त गळणारे कैदी आहेत. तरी हा शांत पुरोहितांचा समज पुढे बरीच वर्षं टिकला. २०१८ मध्ये विमानातून लेझर सोडून उत्तर ग्वातेमालाचं जंगल मोजलं, तर २१०० चौरस किलोमीटरमध्ये ६० हजारांवर बांधकामं निघाली. रिकामी देवस्थानं कसली, माणसांनी गजबजलेला मुलूख होता तो.

सह्यभ्रमर

लेझरवरून १९३० सालच्या माणसाला जोखणं मला पटत नाही. त्याच्या हातात कोयता आणि खेचर होतं.

एक वेगळा मुद्दा. याच क्नोरोझोव यांनी सिंधू लिपीवरही काम केलं. माणूस तोच, बुद्धी तीच, पण ती लिपी अजून वाचता आलेली नाही. तिथे मुद्रेवर सरासरी पाचेक चिन्हं, सोबत लांदासारखी नोंद नाही, भाषा कोणती ते ठरलेलं नाही. मायांकडे शेकडो दगड, त्यावर तारखा, आणि आजही लाखो लोकांच्या तोंडी असलेल्या माया भाषा. यातल्या तारखांचा पाया घालणाऱ्यांत थॉम्पसन आहेत. पाया घालणाऱ्याला वाट अडवणारा कसं म्हणायचं?

कोरीवदगड

मोडीवाली, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. तरी दोन गोष्टी सांगतो.

क्नोरोझोव यांचं तत्त्व बरोबर होतं, पण सुरुवातीची कितीतरी वाचनं चुकलेली होती आणि थॉम्पसन यांनी नेमकी तीच पकडली. शिवाय त्या लेखाला सोव्हिएत संपादकांची मार्क्सवादी प्रस्तावना जोडलेली होती. काळ शीतयुद्धाचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मन आधीच कलुषित.

दुसरी गोष्ट तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांची. मूळच्या सायबेरियातल्या तोम्स्कच्या, शिक्षणाने वास्तुविशारद. पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या कोरीव दगडांकडे बघताना त्यांच्या ध्यानात आलं की दगड गटागटाने उभे आहेत आणि एका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात. गटातल्या पहिल्या दगडावर कोनाड्यात बसलेली व्यक्ती, खाली शिडी, शिडीवर पावलांचे ठसे. एक चिन्ह उताण्या बेडकाचं, ते जन्माचं. दुसरं दात दुखतोय म्हणून गाल बांधल्यासारखं, ते गादीवर बसण्याचं. म्हणजे दगडांवर देव नव्हते, राजेराण्या होत्या. १९६० मध्ये हे छापून आलं आणि थॉम्पसन यांच्या आयुष्यभराच्या मताला त्यामुळे तडा गेला. तरी त्यांनी ते मान्य केलं. पुरावा समोर आल्यावर ते वाकले.

मोडीवाली

वाकले, मान्य. पण कोणापुढे? प्रोस्कुरियाकोफ त्यांच्याच संस्थेत वर्षानुवर्षं काम केलेल्या, ओळखीच्या. लेनिनग्राडचा माणूस १९९० पर्यंत मायांच्या देशात पाऊलसुद्धा ठेवू शकला नव्हता. त्याच्या पुराव्याला तीच वागणूक मिळाली नाही, माझा राग त्यावर आहे. डिसेंबर १९७३ मध्ये मेक्सिकोतल्या पालेंके या माया शहरात लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाऊन्सबरी यांनी तिथल्या राजांची वंशावळ एका दुपारी लावली. शील मुळात चित्रकला शिकवणाऱ्या. इतकं सगळं तयार होतं, मग त्याला वीस वर्षं का लागावीत?

सह्यभ्रमर

ती दुपार थॉम्पसन यांच्या जंत्रीशिवाय झाली असती का?

मोडीवाली

वंशावळ लागली असती, पण त्या राजांना आपली सनं देता आली नसती. तेवढं त्यांचं. आणि १९६२ ची त्यांची चिन्हसूचीही. त्यात ८०० हून जास्त चिन्हांना त्यांनी क्रमांक दिले. 'कु' चा क्रमांक टी-५२८. 'टी' म्हणजे थॉम्पसन. ज्या 'कु' चा उच्चार त्यांनी कधी मानला नाही, ते चिन्ह वहीत टिपताना मी आजही टी-५२८ असंच लिहिते.