विंचेस्टर मॉडेल 12, सोळा बोअर: झिलई उडालेल्या जुन्या बंदुकीची किंमत कशी ठरवावी?

ओमाहाकर:
नमस्कार. नेब्रास्कात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये विंचेस्टरची मॉडेल 12 ही सोळा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) पंप-अ‍ॅक्शन बंदूक आहे. धाकट्या मुलाला ती हवी आहे आणि थोरल्याला तिच्या किमतीचा निम्मा भाग रोख द्यायचा असे घरात ठरले आहे. म्हणून दोघांनाही न्याय्य वाटेल असा आकडा काढण्यास मदत करावी, अशी विनंती बाईंनी मला केली आहे.

नळी 28 इंचांची असून तिच्यावर ‘निकेल स्टील’ आणि ‘मॉडिफाइड’ चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण; मॉडिफाइड म्हणजे मध्यम) अशी अक्षरे आहेत. अनुक्रमांक सहा आकडी आहे. रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागाच्या, खालच्या बाजूस, चालताना जिथे हाताची पकड बसते तिथे, झिलई पूर्ण जाऊन करडे पोलाद दिसते. मॅगझिनची, म्हणजे काडतुसे साठवण्याची, नळी तपकिरी पडली आहे, दस्त्यावर ओरखडे आहेत, मात्र तडा कुठेही नाही. एका दुकानदाराने पुन्हा ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळी झिलई चढवणे) करून घेण्याचा सल्ला दिला, म्हणजे चांगला भाव येईल असे त्याचे म्हणणे. ते करावे का? शिवाय विक्रीच्या जाहिरातींत तीनशे डॉलरपासून दीड हजारांपर्यंत आकडे दिसतात, त्यांतला कोणता खरा मानावा?

जुनी_नळी:
कृपया ब्लूइंग करून घेऊ नका. त्या बाईंना हे आजच सांगा. ही बंदूक 1912 साली बाजारात आली आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत सुमारे वीस लाख नग तयार झाले, त्यामुळे केवळ वयासाठी कोणी जास्त पैसे देत नाही. पैसे मिळतात ते मूळपणाचे. हाताच्या पकडीने झिजलेली झिलई हा प्रामाणिक वापराचा पुरावा असतो आणि जाणकार तिला फार मोठे वैगुण्य मानत नाहीत. उलट पुन्हा ब्लूइंग करताना पोलाद घासावे लागते, त्यात रिसीव्हरच्या धारदार कडा गोलावतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि स्क्रूच्या छिद्रांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. ते नुकसान परत भरून निघत नाही.

तपासायचे ते असे. ही बंदूक मधून दोन भागांत सुटी होते आणि अनुक्रमांक दोन्ही भागांवर असतो: रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला खालून आणि त्याला लागून नळीच्या बाजूच्या भागावर. दोन्ही आकडे एकच असले पाहिजेत. वेगळे असतील तर नळी दुसऱ्या बंदुकीची आहे. दस्ता कापून मागे रबरी गादी बसवली आहे का, आणि नळीच्या तोंडावर नंतरचा पॉली-चोक (आवळण कमी-जास्त करता येणारा जोडभाग) चढवला आहे का, हेही पाहा. झिजलेल्या झिलईपेक्षा या दोन बदलांनी किंमत जास्त घसरते.

कोठीवाला:
वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्याकडे याच मॉडेलची बारा बोअरची बंदूक होती आणि हौसेने मी ती एका कारागिराकडून आरशासारखी चकचकीत करून घेतली. कामाचे पैसे गेले ते गेलेच, पण विकताना संग्राहकांनी तिच्याकडे पाहिलेही नाही, आणि मूळ अवस्थेत मला जी रक्कम देऊ केली होती तिच्याहून कमी रकमेत ती द्यावी लागली. त्याचे वाईट मला अजून वाटते. तपकिरी डागांवर पातळ तेल लावून मऊ कापडाने पुसा. काथ्या किंवा पॉलिश पेपर मुळीच नको.

वऱ्हाडी_मिनेसोटा:
मूळपणाबद्दल सहमत आहे, पण या विशिष्ट बंदुकीत झिलईआधी चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीची, लांबी मोजायला हवी. ‘निकेल स्टील’ हा शिक्का साधारणपणे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या नळ्यांवर येतो, आणि त्या काळातील पुष्कळशा सोळा बोअरच्या बंदुकांचे चेंबर 2 9/16 इंचांचे असे. आजचे काडतूस 2 3/4 इंचांचे असते. ते आखूड चेंबरमध्ये शिरते, परंतु उडताना त्याच्या टोकाला उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. म्हणून तज्ज्ञ गनस्मिथकडून (बंदूक-कारागिराकडून) गेजने मोजून घेईपर्यंत कोणीही ती उडवू नये. चेंबर पुढे कोणी वाढवून घेतले असेल, तर शिकाऱ्याला ते सोयीचे ठरते, पण संग्राहक थोडे कमी देतो. फेझंट पक्ष्याच्या शिकारीसाठी 28 इंची मॉडिफाइड नळी मात्र फुल चोकच्या (जास्त आवळलेल्या) नळीपेक्षा जास्त सोयीची, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल.

जाहिरातींतले आकडे म्हणजे केवळ विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे पाहता येतात, तेच धरा. बोअर, चोक आणि अवस्था या तिन्ही बाबतींत जुळणारे सात-आठ व्यवहार काढा आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा सोडून द्या. अठ्ठावीस बोअरचे नग हजारो डॉलरला जातात, ते या हिशेबात आणू नका. आपण वर्णन केलेल्या अवस्थेत, सारे भाग मूळ असल्यास, मी स्वतः चारशे ते पाचशे डॉलर धरीन.

जुनी_नळी:
एक गोष्ट राहिली. आपण एच-1बी व्हिसावर असाल, तर ही बंदूक स्वतःच्या घरी आणून ठेवू नका. अशा व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी आहे; वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत.

ओमाहाकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी त्याच व्हिसावर आहे, म्हणून ती बाईंच्याच घरी राहील आणि गनस्मिथकडे धाकटा मुलगा नेईल. काल त्याने दोन्ही अनुक्रमांक पाहिले, ते जुळतात. दस्ता कापलेला नाही आणि मागची मूळ पट्टीही जागेवर आहे. ब्लूइंगचा विचार बाईंनी सोडून दिला आहे. चेंबरचे माप आले की जुळणारे व्यवहार काढून दोन्ही भावांसमोर एकाच वेळी ठेवीन.