जखमी शत्रूवर उपचार केले म्हणून रुग्णालयाचं संरक्षण जात नाही

एकांनी लिहिलंय की रुग्णालयात शत्रूचे जखमी सैनिक असले, तर त्यावर हल्ला करायला कायद्याची आडकाठी नाही. हे साफ चूक आहे. युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं 19वं कलम नेमकं उलट सांगतं: जखमी सैनिकांवर उपचार होतात, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली शस्त्रं तिथे पडून आहेत, एवढ्यावरून संरक्षण जात नाही. तिथून खरोखर समोरच्या पक्षाला घातक कृत्यं होत असतील, तरीही हल्ल्याआधी इशारा द्यावा लागतो.

अफगाणिस्तानातलं कुंदूझ आठवा. 3 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे अमेरिकी विमानाने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेच्या रुग्णालयावर मारा केला. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने आधीच कळवले होते, मारा चालू असतानाही फोन केले. अतिदक्षता विभागातले रुग्ण खाटेवरच जळाले. 42 माणसं गेली. अमेरिकी लष्कराने स्वतःच चौकशी केली, 16 जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली आणि हेतू नव्हता म्हणून युद्धगुन्हा नाही असं ठरवलं. संताप येतो तो इथे. स्वतंत्र चौकशीसाठी आंतरराष्ट्रीय तथ्यशोधन आयोग आहे, संस्थेने त्याच्याकडे दादही मागितली. पण संबंधित देशांच्या संमतीशिवाय तो हलू शकत नाही, आणि ती संमती मिळालीच नाही.