इयर वनची फोनिक्स तपासणी: घरी मराठी बोलणाऱ्या मुलीची तयारी कशी करावी?

स्लाऊकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमची मुलगी इंग्लंडमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत इयर वनमध्ये (पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग) शिकते आणि येत्या जूनमध्ये तिची फोनिक्स स्क्रीनिंग चेक, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचता येतात का हे पाहणारी तपासणी, होणार आहे. घरी आम्ही फक्त मराठी बोलतो. इंग्रजीशी तिची खरी ओळख नर्सरीत झाली. गोष्टींची सोपी पुस्तके ती आवडीने वाचते, त्यामुळे वाचनाच्या बाबतीत आम्ही निर्धास्त होतो. मात्र शाळेने नुकत्याच घेतलेल्या सरावात तिला ४० पैकी २६ शब्दच बरोबर वाचता आले. बाईंनी दाखवलेला कागद पाहिला तर खरे शब्द तिने बहुतेक बरोबर वाचले आहेत आणि चुका जवळजवळ सगळ्या निरर्थक शब्दांत आहेत. एस-टी-आर-ओ-एम ही अक्षरे तिने बिनदिक्कत ‘स्टॉर्म’ अशी वाचली.

तिची आजी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर तिला बाराखडी शिकवते आणि अधूनमधून ‘सी-ए-टी कॅट’ असे स्पेलिंगही पाठ करून घेते. दोन लिप्यांमुळे तिचा गोंधळ होत असावा, म्हणून जूनपर्यंत मराठी अक्षरे थांबवावीत, असे आमच्या परिचितांनी सुचवले आहे. हे कितपत योग्य आहे? निरर्थक शब्दांच्या छापील याद्या बाजारात मिळतात, त्या तिच्याकडून घोकून घ्याव्यात का? आणि आमच्या मराठी वळणाच्या उच्चारांचा तिला फटका बसेल का, हीही शंका आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फळा-खडू यांचे उत्तर

मी इंग्लंडमध्येच इयर वनच्या वर्गाला शिकवते आणि दरवर्षी ही तपासणी घेते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ही तपासणी २०१२ पासून इंग्लंडमधील सर्व सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत घेतली जाते. मुलाला ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात, त्यांपैकी २० खरे आणि २० बनवलेले. पहिल्या भागात १२ बनवलेले आणि ८ खरे शब्द असतात, दुसऱ्या भागात हे प्रमाण उलटे होते आणि शब्दही अवघड होत जातात. बनवलेल्या शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र असते. मुले त्यांना ‘एलियन शब्द’ म्हणतात. वर्गातील एक ओळखीची शिक्षिका एका वेळी एकाच मुलाला घेऊन बसते आणि वेळेचे बंधन नसते, तरी बहुतेक मुलांचे काम दहा मिनिटांच्या आत आटोपते. मुलाने आधी सुटे आवाज म्हटले तरी चालतात, परंतु शेवटी ते जोडून अख्खा शब्द म्हणावा लागतो. सुटे आवाज बरोबर असूनही ते जोडले नाहीत तर गुण मिळत नाही. एकदा चुकून मुलाने स्वतःहून दुरुस्ती केली, तर शेवटचा उच्चार ग्राह्य धरतात.

खरा शब्द मूल केवळ पाहून ओळखू शकते, कारण तो त्याने पुस्तकात पूर्वी पाहिलेला असतो. बनवलेला शब्द मात्र अक्षर आणि आवाज यांचे नाते ठाऊक असल्याखेरीज वाचता येत नाही, आणि तपासणीला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते. ‘स्टॉर्म’च्या उदाहरणावरून मला असे वाटते की आपली मुलगी सुरुवातीची दोन-तीन अक्षरे आणि शब्दाचा एकंदर आकार पाहून ओळखीच्या शब्दावर उडी मारते. चांगली स्मरणशक्ती आणि गोष्टींची गोडी असलेल्या मुलांत हे नेहमी दिसते. आज तिचे यात काही अडत नाही. पुढे पुस्तकांत अनोळखी शब्द वाढले की अडू लागेल. याला उपाय म्हणजे याद्या घोकणे नव्हे. तिच्या नेहमीच्या पुस्तकातील नव्या शब्दाखाली बोट ठेवून तो डावीकडून उजवीकडे, शेवटच्या अक्षरापर्यंत, एकेक आवाज करत वाचायला लावावे आणि या वेळी चित्र हाताने झाकावे. दोन-तीन अक्षरे मिळून एकच आवाज होतो तेथे, उदाहरणार्थ एस-एच किंवा आय-जी-एच या जोडीला, बोटाने एकच कमान काढावी. बनवलेले शब्द गंमत म्हणून कधीतरी पुढे ठेवायला हरकत नाही, पण रोजचा खुराक खऱ्या पुस्तकांचाच असावा.

आता आपल्याकडील एक खास अडचण. मराठीत ‘म’ म्हटले की त्यात ‘अ’ आपोआप मिसळलेला असतो. घरी आपण ‘कॅट’ हा शब्द फोडताना ‘क, ॲ, ट’ असे म्हणतो आणि मूल प्रामाणिकपणे ‘कअ-ॲ-टअ’ असे जोडू पाहते. त्यातून ‘कॅट’ काही केल्या तयार होत नाही. शाळेत व्यंजन शक्य तितके पाय मोडून शिकवतात. म्, स्, फ्, न् हे आवाज लांबवता येतात, म्हणून ‘म्म्म्’, ‘स्स्स्’ असे ओढून म्हणावेत. क्, ट्, प् लांबवता येत नाहीत, ते तुटक आणि जवळजवळ कुजबुजल्यासारखे म्हणावेत. आजींना एवढे एक समजावून सांगितले तरी मोठे काम होईल, आणि ज्यांना हलन्त अक्षर माहीत आहे त्यांना हे समजायला वेळ लागत नाही. ‘सी-ए-टी’ ही अक्षरांची नावे आहेत, आवाज नव्हेत. आपल्या पिढीचे इंग्रजी त्यांवर उभे राहिले हे खरे, पण या तपासणीपुरती ती बाजूला ठेवलेली बरी.

उच्चारांविषयी निश्चिंत राहावे. गुण देताना मुलाचा उच्चार-ढंग आणि बोलण्यातील अडचणी लक्षात घ्याव्यात, अशी स्पष्ट सूचना शिक्षकांना असते. ‘थिन’ मधला आवाज मूल नेहमीच मराठी ‘थ’ सारखा काढत असेल, तर तो त्याचा ढंग म्हणून मानला जातो. आपण घरी लक्ष द्यायचेच असेल तर स्वरांकडे द्यावे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा फरक लेखनात कडक असला तरी बोलण्यात आपण तो फारसा पाळत नाही. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ आपल्या तोंडून सारखेच निघतात आणि मुलाला दोन वेगळ्या अक्षररचनांना एकच आवाज ऐकू येतो. ‘कॅप’, ‘कॉप’ आणि ‘कप’ यांचेही तसेच, पण तेथे ॲ आणि ऑ ही चिन्हे आपल्या मदतीला आहेत.

मराठी थांबवू नये. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांचे या तपासणीत अपेक्षित पातळी गाठण्याचे प्रमाण इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या जवळपास राहत आले आहे. शब्दाचा अर्थ येथे विचारलाच जात नाही, त्यामुळे शब्दसंग्रह कमी असल्याचा तोटा या एका तपासणीत तरी फारसा होत नाही.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

पालकाच्या बाजूने थोडेसे. आमच्या मुलाला इयर वनमध्ये ४० पैकी ३२ गुणांची अपेक्षित पातळी गाठता आली नव्हती. शाळेच्या वार्षिक अहवालात त्याविषयी एकच ओळ होती: अपेक्षित पातळी गाठली नाही. कोणते शब्द अडले, पुढे काय करणार, यांविषयी चकार शब्द नव्हता आणि त्याचा आम्हाला बराच मनस्ताप झाला. शेवटी वर्गशिक्षिकेची वेळ मागून उत्तरपत्रिकेवर एकत्र नजर टाकली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पहिल्या भागात त्याचे फारसे काही चुकले नव्हते. दुसऱ्या भागात मात्र शब्दाच्या शेवटी ‘ई’ हे इंग्रजी अक्षर येऊन आधीच्या स्वराचा आवाज बदलतो, असे जवळजवळ सगळे शब्द चुकले होते. एम-ए-के-ई हा शब्द तो ओळखीचा म्हणून ‘मेक’ असा वाचत होता, पण त्याच घडणीचा अनोळखी शब्द आला की स्वर ‘ॲ’ असा काढत होता. एवढे कळल्यावर शाळेने लहान गटात तेवढ्यावरच काम केले आणि इयर टूमध्ये पुन्हा घेतलेल्या तपासणीत तो पार झाला.

म्हणून माझी विनंती अशी की ४० पैकी २६ या आकड्याकडे न पाहता चुकलेल्या १४ शब्दांकडे पाहावे. आपण कागद पाहिलाच आहे, तर ते शब्द उतरवून घ्यावेत आणि त्यांत कोणते अक्षरसमूह पुन्हा पुन्हा येतात ते शोधावे. मला शंका आहे की सगळाच दोष अंदाजाने वाचण्याचा नसेल.

तळटीप यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु या तपासणीभोवती जे एक वलय तयार झाले आहे त्याविषयी सावध करावेसे वाटते. जिम रोझ यांच्या वाचन-शिक्षणावरील २००६ च्या अहवालानंतर इंग्लंडने पद्धतशीर फोनिक्सचा मार्ग धरला आणि त्याच धोरणाला पुढे या तपासणीची जोड मिळाली. पहिल्या वर्षी ५८ टक्के मुलांनी पातळी गाठली होती. २०१९ मध्ये हे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेले आणि महासाथीनंतर घसरून २०२४ मध्ये ८० टक्के झाले. या चढत्या आकड्यांचा अर्थ मुलांचे वाचन तितकेच सुधारले असा घेण्याची घाई करू नये. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठानाने सरकारसाठी केलेल्या २०१५ च्या मूल्यमापनात, तपासणी सुरू झाल्यामुळे मुलांचे एकूण साक्षरता-कौशल्य सुधारल्याचा स्पष्ट पुरावा आढळला नाही. आरंभीच्या दोन वर्षांत तर ३१ गुणांची मुले फारच थोडी आणि ३२ गुणांची अचानक पुष्कळ, असा संशयास्पद आलेख दिसला. त्यानंतर पातळीचा आकडा तपासणी संपल्यावर जाहीर करण्याची पद्धत आली, जरी तो आकडा पुढेही ३२ च राहिला.

याउलट, २०२१ च्या पर्ल्स या आंतरराष्ट्रीय वाचन-अभ्यासात इंग्लंड चौथ्या क्रमांकावर आल्याचा दाखला धोरणाचे समर्थक देतात. एका क्रमांकावरून एका तपासणीचे श्रेय ठरवणे मला पटत नाही, पण तो दाखला अगदीच फेटाळण्याजोगाही नाही.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार आहे. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. ही तपासणी पहिली बाजू मोजते, दुसरीला हातही लावत नाही. आपली मुलगी गोष्ट समजून घेते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधते, ही दुसरी बाजू तिच्याकडे भक्कम आहे आणि ती घरच्या मराठी गप्पागोष्टींतूनही घडलेली आहे. जूनच्या नादात रोज झोपताना वाचून दाखवणे बंद पडू देऊ नका.

निवृत्त मास्तर यांचे उत्तर

मी महाराष्ट्रात पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले आहे. बाराखडीमुळे गोंधळ होतो का, एवढ्यापुरतेच लिहितो.

देवनागरीत एक अक्षर बहुधा एक पूर्ण उच्चार-घटक दाखवते: व्यंजन आणि त्याला लागलेली मात्रा मिळून ‘की’, ‘कु’, ‘के’. इंग्रजीत मुलाला त्याखालच्या पातळीवर उतरून व्यंजन आणि स्वर वेगळे ऐकावे लागतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर संशोधक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा लिपीतून शिकणाऱ्या मुलांना सुटा ध्वनी वेगळा काढण्याची जाण सावकाश येते, असे दिसले. मराठी वेगळी भाषा असली तरी लिपीची घडण त्याच जातीची आहे. म्हणजे बाराखडीमुळे इंग्रजी बिघडत नाही, पण केवळ बाराखडी म्हणून इंग्रजीला लागणारी ही जाण आपोआप येईल असेही नाही. आजींनी ‘क, का, कि, की’ ओळीने पाठ करून घेण्याऐवजी ‘क्’ तोच ठेवून मात्रा बदलली की आवाज कसा बदलतो, हे खेळासारखे घेतले तर तोच धडा दोन्ही भाषांना उपयोगी पडेल. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चारताना नंतर, ही गोष्ट मात्र इंग्रजीत डावीकडून क्रमाने वाचणाऱ्या मुलाला क्षणभर चकवते. तिला थोडा वेळ द्यावा.

जाता जाता सांगतो, आपल्याकडे ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून मुलांना अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, त्यात निरर्थक शब्द नसतात. त्यामुळे पाठांतरावर किंवा सवयीच्या शब्दांवर तरून जाणारे मूल आपल्याला उशिरा सापडते. त्या दृष्टीने इंग्रजांची ही युक्ती मला वाईट वाटत नाही.

स्लाऊकर यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृष्णाकाठ यांच्या सूचनेनुसार चुकलेले शब्द पुन्हा पाहिले. एस-एच, सी-एच हे ठीक आहेत, मात्र ए-आय आणि ओ-ए या जोड्या वारंवार अडल्या आहेत. म्हणजे अंदाजाने वाचणे आणि हे, असे दोन्ही असावे. आणखी एक शंका आहे. घरातील एका लग्नासाठी जूनमध्ये भारतात जाण्याचा विचार आहे. त्या आठवड्यात ती शाळेत नसेल तर काय होते? आणि ही परीक्षा आहे असे तिला सांगावे का?

फळा-खडू यांचे उत्तर

ताई, तपासणीचा आठवडा बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असतो आणि त्या वेळी गैरहजर असलेल्या मुलांची तपासणी शाळेला पुढील आठवड्यात घेता येते. दोन्ही आठवडे चुकले तर तिची नोंद गैरहजर अशी होईल आणि इयर टूमध्ये तिला ही तपासणी द्यावी लागेल. त्याने तिचे वर्ष वाया जात नाही. सत्र चालू असताना विनापरवानगी सुटी घेतल्यास पालकांना दंड होऊ शकतो, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी विचारून घ्यावे.

परीक्षा हा शब्द मी वर्गात वापरत नाही. ‘आज आपण दोघी मिळून काही शब्द वाचू, त्यांतले काही एलियनचे आहेत,’ इतकेच सांगते. ए-आय आणि ओ-ए यांच्यासाठी बाईंकडून त्या आवाजांची छोटी पुस्तके घरी मागून घ्यावीत. बहुतेक शाळांत ती आवाजांच्या क्रमाने लावलेली असतात आणि मागितली की मिळतात.