जुन्या 'कोप'वर उभं राहून मॅच पाहिलेलं इथे कुणी आहे का?

लाल मफलर (पुणे):

नमस्कार मंडळी. शाळेत असताना २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फुटबॉलची फायनल रात्री जागून पाहिली आणि तेव्हापासून लिव्हरपूलचा झालो. आता मामेभाऊ मँचेस्टरला नोकरीला आहे, त्यामुळे पुढच्या मोसमात पहिल्यांदाच क्लबच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डला जायचा योग येतोय. तिकडचे जुने लोक सारखं म्हणतात की खुर्च्या बसवल्या आणि कोप (गोलमागचा उभ्या प्रेक्षकांचा स्टँड) संपला, खरी मजा उभ्याची होती. दुसरीकडे हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या चेंगराचेंगरीबद्दल वाचलं की वाटतं, बरं झालं संपलं ते. आपल्या मराठी लोकांपैकी कुणी प्रत्यक्ष तिथे उभं राहिलंय का? नेमकं काय असायचं? वाचीव माहिती नको, पाहिलेलं सांगा.

मिरजेचा डॉक्टर (सध्या विरल, इंग्लंड):

मी उभा राहिलोय, १९८७ पासून थेट १९९४ च्या शेवटच्या दिवसापर्यंत.

मिरजेला एमबीबीएस करून लिव्हरपूलच्या एका रुग्णालयात ज्युनियर डॉक्टर म्हणून लागलो, त्याच उन्हाळ्यात जॉन बार्न्स हा कृष्णवर्णीय खेळाडू वॉटफर्ड क्लबहून लिव्हरपूलला आला होता. आमच्या वॉर्डात एक पोर्टर होता, साठीकडे झुकलेला, आधी गोदीत काम केलेला. त्यानेच मला पहिल्यांदा नेलं. तिकीट आगाऊ काढायची गरज नसायची. वॉल्टन ब्रेक रोडवर रांग लावायची, फिरत्या फाटकापाशी जेमतेम चार-पाच पौंड रोख द्यायचे आणि आत. मॅच तीनची असली तरी आम्ही दीडलाच आत असायचो.

कोप म्हणजे गोलच्या मागे चढत गेलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, वर छप्पर. खुर्ची नाही, नंबर नाही. मध्ये मध्ये कमरेच्या उंचीचे लोखंडी कठडे. १९०६ साली बांधलेला, १९२८ साली वाढवून छप्पर घातलेला. भर काळात तीस हजारांच्या आसपास माणसं मावत. पोर्टरने पहिल्याच दिवशी शिकवलं ते हे : कठडा नेहमी पाठीशी घ्यायचा, पोटाशी कधीच नाही. वरून रेटा आला की पाठीमागचा कठडा तो अडवतो. तोच कठडा पोटाशी असेल तर मागच्या शेकडो माणसांचं वजन तुमच्या बरगड्यांवर. नवखे लोक हात टेकायला बरं म्हणून कठड्याला पोट लावून उभे राहायचे, आणि जुनी मंडळी त्यांना दंडाला धरून खाली आपल्या शेजारी घ्यायची.

कॉर्नर मिळाला की सगळे पुढे वाकून बघणार. मग वरची ओळ खालच्यावर, ती तिच्या खालच्यावर, असं करत आख्खा भाग दहा-पंधरा पायऱ्या खाली घसरायचा आणि पुन्हा वर यायचा. उसाच्या ट्रॉलीत मोळ्या कशा एकमेकींना धरून हलतात, तसं. पाय जमिनीवरून सुटायचे, आणि हे खरोखर, बोलायची पद्धत म्हणून नाही. गोल झाला तर तुम्ही ज्याच्याशेजारी उभे होतात तो कुठल्या कुठे, आणि भलत्याच कुणाच्या गळ्यात तुमचा हात. पाचेक मिनिटांत सगळे शोधत शोधत परत आपापल्या जागी. लघवीला जाऊन परत येणं जवळपास अशक्य, म्हणून मी शनिवारी दुपारचा चहाच सोडला होता. जानेवारीत भिजलेल्या लोकरी कोटांतून वाफा निघायच्या. त्यात तंबाखूचा आणि मटण भरलेल्या 'पाय' या भाजलेल्या खाद्याचा वास.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आमच्या त्या भागात सावळा मी एकटाच असायचो. बार्न्सच्या दिशेने दुसऱ्या संघाच्या लोकांनी केळी फेकली तो हा काळ. सुरुवातीला मागून माझ्यावरही काहीबाही आलं. पोर्टर मागे वळून नुसता बघायचा. बोलायचा काही नाही, पण बघायचा बराच वेळ. पुढे एका मॅचला एक पोरगा चक्कर येऊन पडला. त्याला डोक्यांवरून खाली मैदानाकडे देत होते तेव्हा पोर्टर ओरडला, इथे डॉक्टर आहे! लोकांनी तसंच मलाही वाट करून खाली पोचवलं. पोरगा दहा मिनिटांत शुद्धीवर आला. त्यानंतर मी त्या भागाचा 'डॉक' झालो. एखाद्या शनिवारी ड्यूटीमुळे चुकलं तर पुढच्या वेळी चार जण विचारणार, कुठे होतास. कुणाचं आडनाव मला कधी कळलं नाही, पण कुणाची आई आजारी आहे, कुणाची गोदीतली नोकरी गेली, हे सगळं माहीत. तिकिटावर जागा छापलेली नसल्याने तिथे तुमची जागा शेजारचेच ठरवायचे. मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे. गोल नंतर.

तरी दोन मॅच सांगतो. १२ सप्टेंबर १९८९, क्रिस्टल पॅलेसवर ९-०. आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी गोल केले. जॉन ऑल्ड्रिज क्लब सोडून स्पेनला चालला होता, पेनल्टी मिळाल्यावर त्याला खास बदली म्हणून आत आणला. त्याने गोल मारला आणि शेवटी शर्ट काढून आमच्यात फेकला. दुसरी २६ मे १९८९, आर्सेनलविरुद्ध. अगदी शेवटच्या क्षणी आर्सेनलच्या मायकेल थॉमसने त्यांचा दुसरा गोल केला आणि आमचं लीगचं विजेतेपद गेलं. त्या शांततेनंतर कोपने उभ्या जागी आर्सेनलसाठी टाळ्या वाजवल्या. हिल्सबरोला सहाच आठवडे झाले होते.

आणि अ‍ॅनफिल्डला गेलात की कोपच्या कोपऱ्यावरचा झेंड्याचा खांब बघाच. ती 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाची डोलकाठी आहे. याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन समुद्राखालची तारेची केबल टाकली. कोप हे नावसुद्धा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या स्पिऑन कोप टेकडीचं. जानेवारी १९०० मध्ये तिथे लँकशायरच्या पलटणींतली खूप पोरं पडली, आणि त्याच लढाईत तिथल्या नाताळ प्रांतातल्या हिंदी लोकांचं रुग्णवाहक पथक जखमींना उचलून नेत होतं. त्या पथकात गांधीजी होते. हे मी पोर्टरला सांगितलं तेव्हा त्याने पुढच्या शनिवारी ते आजूबाजूच्या प्रत्येकाला सांगितलं.

पेठेतला (कोल्हापूर):

डॉक्टरसाहेब, लय भारी लिहिलंय. आमच्याकडं शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असलं की गॅलरीत बसायची सोय असूनपण कोण बसत नाही. चारच्या मॅचला दोनपासून उन्हात सिमेंट तापलेलं, बूड टेकवायची सोय नाही, आणि समोर पेठेची इज्जत. माझे वडील, चुलते, शेजारचे सगळे एकाच कोपऱ्यात. तिथं जागा वारसाहक्कानं येते म्हणा. आमच्या तालमीत पैलवान घडायचे तसेच पुढं फुटबॉलवाले घडले, म्हणून संघांच्या नावात अजून तालीम आहे. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपला अनिकेत जाधव खेळला, त्या दिवशी पेठेत दिवाळी होती.

एक विचारतो. भांडणं झाली की आमच्याकडं लगेच मॅच बंद करा, प्रेक्षक नको, जाळ्या लावा, अशी बोलणी सुरू होतात. जाळ्यांबद्दल तुमचं काय मत?

नॉर्थ बँकची (लंडन):

मी आर्सेनलची, तेव्हा २६ मे १९८९ बद्दल गप्प बसते. टाळ्या वाजवल्या ते मात्र आम्ही विसरलो नाही.

बाईमाणसाच्या बाजूने थोडं लिहिते. मी नवऱ्याबरोबर हायबरीच्या, म्हणजे आर्सेनलच्या जुन्या मैदानाच्या, नॉर्थ बँक या उभ्या स्टँडवर जायचे. उंची पाच फूट, त्यामुळे अर्धी मॅच पुढच्याच्या मानेकडे बघण्यात. गर्दीत नको ते हात लागायचे, तक्रार कुणाकडे करणार? म्हणून मी कडेला, भिंतीपाशी उभी राहायला लागले. उभं राहण्याच्या आठवणी पुरुष सांगतात तेव्हा हे त्यात नसतं. तरी २ मे १९९२ ला, त्या स्टँडच्या शेवटच्या दिवशी, साउदॅम्प्टनला ५-१ हरवलं आणि इयन राइटने तीन गोल केले, तेव्हा मी रडले, हेही खरं.

नंतर बांधकाम झाकायला गोलच्या मागे प्रेक्षकांचं एक भलंमोठं चित्र लावलं. सगळे चेहरे गोरे! लोकांनी ओरड केल्यावर त्यात बदल करावे लागले. आम्ही खऱ्या नॉर्थ बँकवर उभे होतो, पण रंगवणाऱ्याला दिसलो नव्हतो. त्याचा राग मला आजही येतो.

लाल मफलर (पुणे):

काका, ताई, दादा, मनापासून आभार. काका, एक राहिलं. मग खुर्च्या बसवल्या ते योग्य झालं की नाही? आणि पेठेतल्या दादांच्या जाळ्यांच्या प्रश्नाचंही सांगा ना.

मिरजेचा डॉक्टर:

ताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात असायलाच हवं होतं.

जाळ्यांबद्दल माझं मत ठाम आहे : नको. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर आमची एफए कपची सेमीफायनल होती. मी ड्यूटीवर होतो, आमचा पोर्टरही. त्याचा पुतण्या मात्र गेला होता. बाहेर फाटकांपाशी गर्दी तुंबली, पोलिसांनी बाहेर जायचं मोठं दार उघडायला लावलं, आणि आत शिरलेले लोक समोरच्या बोगद्यातून सरळ जाळ्यांनी वेढलेल्या मधल्या दोन उभ्या भागांत, म्हणजे पिंजऱ्यांत, गेले. ते आधीच ठासून भरले होते. बाजूच्या भागांत जागा होती, पण बोगद्याचं तोंड बंद करायला किंवा लोकांना तिकडे वळवायला कुणी नव्हतं. पुढे उंच जाळी. तीन वाजून सहा मिनिटांनी मॅच थांबली. त्या गर्दीत चिरडलेल्यांपैकी ९७ माणसं गेली, शेवटचा माणूस २०२१ मध्ये.

डॉक्टर म्हणून सांगतो, अशा गर्दीत माणसं बहुतेक तुडवून मरत नाहीत. उभ्या-उभ्याच मरतात. छातीवर चारी बाजूंनी दाब आला की बरगड्या फुलत नाहीत, श्वास आत येत नाही, काही मिनिटांत संपतं. २००५ साली मांढरदेवीला आपली तीनशेच्या आसपास माणसं गेली, एल्फिन्स्टनच्या पुलावर २०१७ मध्ये २३ गेली. प्रत्येक वेळी आधी गर्दीलाच दोष. लिव्हरपूलच्या लोकांनाही दारुडे म्हटलं गेलं, मेलेल्यांचे खिसे मारले असं छापलं गेलं. हिल्सबरोची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड टेलर यांनी ऑगस्ट १९८९ च्या पहिल्याच अहवालात लिहिलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटलं हे. तरी घरच्यांना ज्युरीच्या तोंडून 'प्रेक्षकांचा दोष नव्हता' हे ऐकायला २०१६ उजाडलं. पोर्टरचा पुतण्या जिवंत परतला, पण पुन्हा कधी कुठल्या मैदानात गेला नाही.

उलट उदाहरण ब्रॅडफर्डचं. मे १९८५ मध्ये तिथला जुना लाकडी स्टँड पेटला. तो मुख्यतः बसायचा स्टँड होता. ५६ माणसं गेली, पण पुढे जाळी नव्हती म्हणून बाकीचे शेकडो मैदानात उड्या मारून वाचले. पेठेतले दादा, तुमच्याकडे कुणी जाळीचा विषय काढला की हे सांगा. भांडणाऱ्यांना पकडा, दारं रुंद करा, किती माणसं आत गेली ते मोजा.

आता खुर्च्या. टेलरांच्या १९९० च्या अंतिम अहवालाने लीगच्या वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या सांगितल्या, मुदत १९९४. त्यांची भीती मला समजते. पण त्यांनीच लिहिलं होतं की स्वस्त खुर्ची उभ्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी ठेवता येते, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं होतं : खुर्ची सहा पौंड, उभं चार. अहवालाचा हा भाग क्लबांनी सोयीने विसरला. कोपवर माझ्याभोवती गोदीवाले, बेकार पोरं, शाळकरी मुलं होती. किमती चढत गेल्या तसे त्यातले कित्येक गळाले. पोर्टर ३० एप्रिल १९९४ ला, नॉर्विचविरुद्धच्या शेवटच्या उभ्या मॅचला आला. जेरेमी गॉसने गोल मारून आम्हाला ०-१ हरवलं. पुढच्या मोसमात पोर्टर पबमध्ये टीव्हीवर बघायला लागला. माझ्या पगारात खुर्ची बसली, त्याच्या पेन्शनमध्ये नाही. माझा खरा राग यावर आहे, खुर्चीवर नाही.

म्हणून माझं उत्तर : जुना कोप परत नको, उभं राहणं परत हवं. जर्मनीत ते कधी गेलंच नाही, डॉर्टमुंडला गोलमागे जवळपास पंचवीस हजार लोक उभे असतात, तेही परवडणाऱ्या तिकिटात. इंग्लंडमध्ये २०२२ पासून काही ठिकाणी रीतसर परवानगी आहे. प्रत्येक रांगेत कमरेइतका दांडा, त्यामुळे रेटा एका रांगेपलीकडे जात नाही. अ‍ॅनफिल्डवरही कोपच्या काही भागात आणि अ‍ॅनफिल्ड रोडच्या खालच्या बाजूला असे दांडे बसवलेत. मी उभा राहून पाहिलंय तिथे. घसरणं नाही, पण आवाज वाढलाय आणि पोरांना बरगड्यांची काळजी नाही.

लाल मफलर, तुमच्यासाठी : मोसमाआधी क्लबचं सभासदत्व घ्या, सभासदांना तिकिटं सोडतीने मिळतात, त्यात नाव घाला. इंटरनेटवरच्या दलालांच्या नादी लागू नका, दारावर परत पाठवतात. सोडत लागली की तारीख इथे कळवा. मी नदीपलीकडेच राहतो.

लाल मफलर (पुणे):

सभासदत्व आजच घेतो काका. भावालाही घ्यायला लावतो, म्हणजे सोडतीत दोन नावं. नंबर लागला की पहिला निरोप इथेच.