गुडघ्याखालची उशी आजच काढा
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन आठवडे झालेत आणि गुडघ्याखाली उशी घेतली की त्यांना बरं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. बरं वाटतं हे खरं, पण ती उशी आजच काढा. गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि लंगडणं मागे राहतं. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू दे. माझ्या सासूबाई त्यांच्या ऑपरेशननंतर असं करताना पलंगाची कड घट्ट धरून पडायच्या, इतकं दुखायचं. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या थोडी आधी दिली, तेव्हा पुष्कळ सुसह्य झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण गुडघा ९० अंश वाकतो का एवढंच विचारतो; सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं आहे हो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सूज काही आठवडे राहतेच, बर्फ कापडात गुंडाळून लावा. मात्र पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा, थांबू नका.